कट्-कट् ऐकू येतेय का?

फार्मसीच्या पोरांना ऑनलाइन थिअरी शिकवायचं मला फार दुःख नाही. फार्मसी कायदा 1948 चा, हे नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या वर्गात सांगितलं काय आणि मोबाइलवर सांगितलं काय, झोप तेवढीच येते. फक्त घरी पोरांना आडवं होता येतं. रडगाणं आहे ते प्रॅक्टिकलचं, त्यातही इमल्शनचं.

इमल्शन म्हणजे तेल-पाण्याची सोयरीक जुळवायची, मध्यस्थ बाभळीचा डिंक. ड्राय गम, म्हणजे कोरड्या डिंकाच्या पद्धतीत तेल, पाणी, डिंक यांचं प्रमाण 4:2:1, म्हणजे एरंडेल 8 मिली, पाणी 4 मिली, डिंकाची पूड 2 ग्रॅम. खल कोरडा, बत्ता कोरडा, तेलाचं मापसुद्धा कोरडं. तेलात डिंक नीट कालवायचा, मग चारच्या चार मिली पाणी एकदम ओतायचं आणि हात न थांबवता एकाच दिशेनं घोटायचं. मिश्रण सायीसारखं पांढरं, दाट होतं आणि बत्त्याखाली कट्-कट् वाजू लागतं. हा आवाज म्हणजे प्रायमरी इमल्शन, म्हणजे पहिलं दाट मिश्रण, झाल्याची पावती. पावती मिळायच्या आत ते पातळ करायचं पुढचं पाणी ओतलं, की तेल वर आणि अब्रू खाली.

आता गंमत बघा. मीटिंगच्या अ‍ॅपला माणसाचा आवाज तेवढा कळतो, बाकी सगळी कटकट. पंखा, भांडी, रिक्षाचा हॉर्न यांच्याबरोबर आमची पावतीही ते इमानेइतबारे पुसून टाकतं. मी मन लावून घोटतोय आणि पडद्यावर नुसता एक मूक हात गोल फिरतोय! उपाय आहे. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करायचा. ही सोय मुळात गायक-वादकांसाठी आहे, पण एरंडेलाच्या मैफलीलाही चालते. फक्त मग शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही साथीला बसतात.

पोरांच्या घरची तऱ्हा आणखी निराळी. खल म्हणून आईचा पितळी खलबत्ता येतो, अरुंद, खोल, आतून लसणाचा वास. आम्हाला हवा पसरट बुडाचा चिनी मातीचा खल आणि रुंद डोक्याचा बत्ता, कारण तेलाचे थेंब घासून बारीक व्हायला हवेत, कुटून नव्हे. डिंक येतो बाजारातून, रविवार कारंजावरून, लाडवांचा. तो खड्यांचा असतो. वस्त्रगाळ पूड न करता घातला की गुठळ्या होतात आणि तेलात चिक्की तरंगते.

त्यात रील्स. तीस सेकंदांत इमल्शन, मागे गाणं, आणि पाणी कसं? थेंब थेंब! कॅमेऱ्याला देखणं दिसतं, कबूल. पण असं केलं की पाणीच तेलात विरतं आणि इमल्शन उलटं होतं. तुपकट, पिवळट आणि मुकं. मुकं असल्याचं कळत नाही, कारण गाणं चालू असतं. पोरगं व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत म्हणतं, “सर, पण लाइक बघा ना किती आहेत.”

टायट्रेशनबद्दल, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडून रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजायच्या प्रयोगाबद्दल, थोडक्यात सांगतो: ब्युरेटचा, म्हणजे त्या खुणांच्या काचनळीचा, फोटो वरून काढू नये, 12.4 मिलीचं 12.2 दिसतं. डोळ्याच्या रेषेत काढावा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप त्याचा असा लगदा करतं की रंग बदलून खूण देणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचा फिका गुलाबी आणि मोबाइलच्या कव्हरचा गुलाबी एकच वाटतो.

पोरांच्या मावश्या-आत्यांचं तर विचारूच नका. पोर फार्मसीला गेलं की दुसऱ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर गोळ्यांच्या स्ट्रिपचा फोटो, “हे कशावर?” स्ट्रिप नेमकी नावावरच कापलेली. मावशीचा प्रश्न पोरगं तसाच आमच्या ग्रुपवर ढकलतं.

आणि रात्री साडेअकराला व्हॉइस नोट. “सर, ऐका. झालं का?” मी फोन कानाला लावतो. पंखा. कुकर. कुणाची तरी आजी, “अरे, ते एरंडेल कशाला नासवतोयस?” आणि तिच्या मागे, अगदी हलकं, कट्-कट्.

की दाराची कडी होती? पुन्हा लावतो.