जमीन चुकते, नकाशा नाही

राजेहो, एक गोष्ट आधी मनात पक्की करा. शेत आणि शेताचा नकाशा यांचा मेळ बसत नसेल, तर चूक शेताची. नकाशावर सही-शिक्का असतो. शेतावर काय असतं? पऱ्हाटी.

ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद, करायला तुम्ही स्वतःच्या सोयाबीनमध्ये उभे राहिलात आणि मोबाईल म्हणाला, तुम्ही गटापासून दूर आहात, तर वाद घालू नका. मुकाट्यानं धुरा, म्हणजे बांध, ओलांडा आणि शेजाऱ्याच्या तुरीत जाऊन उभे राहा. फोटोत सोयाबीनऐवजी तूर आली, तर त्याला सरकार काय करणार?

यामागचं गणित कोणाला सांगत बसू नका, पण असू द्या माहिती. जुना गावनकाशा १:४००० प्रमाणाचा असेल, तर त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर दोन मीटर रुंद होते. त्यात तो कागद घड्या पडलेला, चिकटपट्टीनं जोडलेला. पण तोच स्कॅन करून उपग्रहाच्या चित्रावर बसवला, की संगणक त्या रेघेचा पत्ता दशांशचिन्हापुढं सहा आकड्यांपर्यंत सांगतो. एवढे आकडे आहेत म्हटल्यावर खरंच असणार! ही रेघ किती मीटर इकडेतिकडे असू शकते, हे नकाशावरच लिहा, असं मागणारा माणूस गावात भेटला तर त्याला ग्रामसभेत बोलू देऊ नका.

उपग्रहावर तर डोळे मिटून विश्वास ठेवा. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. त्या गुंठ्यातली सोयाबीनची तासं, मधलं तुरीचं तास, धुऱ्यावरची बाभूळ आणि तिच्या सावलीत बांधलेली बैलजोडी, सगळ्यांचा मिळून एकच रंग. श्रावणात आभाळ भरलं की त्याला तोही दिसत नाही. म्हणून कोणी शेतात येऊन खातरजमा करावी, असा हट्ट धरू नका. शेतात चिखल असतो.

धोरणाचीही काळजी सोडा. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशासाठी लागणारी पूर्वपरवानगी आणि परवाना काढून टाकला. (हे खरंच चांगलं झालं, उपरोध बाजूला ठेवून सांगतो.) आता नियम पाळल्याचं स्वतःच लिहून द्यायचं. रेघ चुकली तर कोणाला धरायचं, हे विचारणं मात्र असभ्यपणाचं. शिवाय एक मीटरपेक्षा बारीक अचूकतेचे नकाशे करायची मुभा फक्त भारतीय संस्थांना. म्हणजे तुमचा धुरा बारकाईनं चुकवण्याचा मान आता देशातच राहतो.

काटेकोरपणाचं फारच वेड असेल, तर हिंगणघाटला जाऊन या. विल्यम लॅम्बटन नावाचा एक इंग्रज १८०२ मध्ये मद्रासहून देश मोजत निघाला. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना त्याचं कोन मोजायचं अर्ध्या टनाचं यंत्र आदळून वाकलं. दुसरा कोणी असता तर पंचनामा करून मोकळा झाला असता. हा कोंडून घेऊन ते दुरुस्त करत बसला. मोजत मोजत आपल्या मुलखात आला आणि २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारला. कबर तिथंच आहे. मानकं पाळणाऱ्याचं असं होतं!

तुम्ही आपले मोजणीचे पैसे भरा. भूकरमापक रोव्हर (उपग्रहांच्या मदतीनं जागा मोजायचं यंत्र) घेऊन आला की चहा द्या. त्यानं दाखवलेली खूण शेजाऱ्याला पटणार नाही, त्याच्या मोबाईलमध्ये धुरा भलतीकडंच असेल. त्याचाही नकाशा खरा माना, तुमचाही खराच. मग दोन्ही घेऊन एकाच एस.टी.नं तालुक्याला जा. वकील मात्र शक्यतो वेगवेगळे करा.