कोल्हापुरात पिशवीतून मिळालेला कागद

अंबाबाईचं दर्शन घेऊन आम्ही चप्पल लाईनला गेलो. दुकानदार काका इतके अगत्याचे, की काय सांगू! कातडं पायाला कसं बसतं, तेल कधी लावायचं, पावसात का घालायची नाही, सगळं निवांत सांगितलं. चहा पाजला. आणि निघताना पिशवीत एक घडी केलेला कागद सरकवला, "वाचा की ताई, जाता जाता."

रंकाळ्यावर उघडला. खरेदीआधी विक्रेत्याचं नाव विचारा. अमुक धर्माच्या माणसाकडून फळं घेऊ नका, गाडी दुरुस्तीला देऊ नका, त्याला घर भाड्यानं देऊ नका. खाली ग्रुपमध्ये सामील व्हायला क्यूआर कोड. छापणाऱ्याचं नाव नाही. शिवी एकही नाही, सगळीकडे 'कृपया' आणि 'नम्र विनंती'. मला भीती वाटली ती या नम्रतेची. शिवीगाळ असती तर चारचौघांनी तो फाडून टाकला असता. हा घडी करून घरी नेला जातो, आईवडिलांना वाचून दाखवला जातो.

कुणाकडून काय घ्यावं ही ज्याची त्याची मर्जी, असं म्हणणारे भेटतील. एकट्याची मर्जी वेगळी आणि गावानं ठरवून एखाद्याची चूल विझवणं वेगळं. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध याच महाराष्ट्रानं २०१६ मध्ये कायदा केला ना? आणि त्या दुकानातली चप्पल तरी किती हातांतून आली असेल! कातडं गोळा करणारे, कमावणारे, कापणारे, शिवणारे. त्यातल्या कुणाकुणाचं नाव विचारणार?

हे कोल्हापुरात व्हावं याचं फार वाईट वाटतं. गंगाराम कांबळेंनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढलं, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. शाहू महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायले, सोबतच्यांनाही पाजला. म्हणजे छत्रपतींनी आपलं वजन वापरलं ते बहिष्कार मोडायला. १९०६ मध्ये मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग याच शहरात उघडलं. दरबारात गायक होते अल्लादिया खाँ. आजही मोहरमला तालमींमध्ये पंजे बसतात, त्यात हिंदू पोरं पुढे असतात. ही शिकवणीतली नाही, रोजच्या वागण्यातली गोष्ट आहे.

आणि याच शहरात ७ जून २०२३ ला मोबाइलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. हातगाडीवाल्यांचा, रिक्षावाल्यांचा रोज बुडाला. त्यामुळे 'एक कागद तर आहे' असं मला म्हणवत नाही.

कोल्हापूरच्या मित्रांनो, असा कागद हातात आला तर फॉरवर्ड करू नका, 'बघा काय चाललंय' म्हणूनसुद्धा नको. फोटो काढून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. धर्माच्या नावानं वैर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना बजावलं आहे. आणि दुकानदार ओळखीचा असेल तर आधी त्याच्याशीच बोला, समोर बसून. तुमचं तो ऐकेल; माझं, पाहुणीचं, किती ऐकणार?