पत्रास कारण की...

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांना मी गंजरोधक पॅकेजिंग विकतो आणि अनोळखी खरेदी अधिकाऱ्यांना ईमेल लिहिणे हा माझ्या कामाचा रोजचा भाग आहे. सुरुवातीला 'आमची आयएसओ प्रमाणित कंपनी गेली अनेक वर्षे ग्राहकांच्या सेवेत आहे' असा एकच मजकूर, सोबत जडशीळ कॅटलॉग जोडून, मी दोनशे पत्त्यांवर एका दमात पाठवत असे. उत्तर येत नसे, आणि यावे तरी का? त्या मजकुरात वाचणाऱ्याविषयी एक शब्दही नव्हता.

आपल्या जुन्या पत्रांत मायना आणि नमस्कार झाला की 'पत्रास कारण की' येत असे. अनोळखी माणसाला ईमेल, म्हणजे कोल्ड ईमेल, लिहिणाऱ्याने एवढे पाळले तरी पुष्कळ झाले, असे माझे मत आहे. मात्र ते कारण समोरच्याचे हवे. आपले महिन्याचे टार्गेट हे त्याचे कारण नव्हे.

गेल्या पावसाळ्यात एका कारखान्याने जर्मनीला निघालेल्या पहिल्या कंटेनरचा फोटो लिंक्डइनवर टाकला होता आणि त्यात मशीनिंग केलेले पार्ट साध्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले दिसत होते. मी लिहिले: 'आपला माल जुलैच्या दमट हवेत पॅक झाला आहे. कंटेनर रात्री गार पडला की पिशवीत कोंडलेली ओल पार्टवर दवासारखी धरते आणि गंजाची सुरुवात तिथून होते. पुढच्या खेपेसाठी व्हीसीआय पिशवीचे दोन नमुने पाठवू का?' (व्हीसीआय पिशवी म्हणजे आतल्या धातूवर गंजरोधक वाफेचा थर धरणारी पिशवी.) विषयाच्या ओळीत 'जर्मनीची पुढची खेप आणि गंज' एवढेच होते. दुसऱ्या दिवशी 'पाठवा' असे एका शब्दाचे उत्तर आले. (ऑर्डर यायला पुढे तीन महिने लागले, ती गोष्ट वेगळी.) 'अर्ध्या तासाची मीटिंग द्या' असे मी लिहिले असते, तर अनोळखी माणसासाठी तेवढा वेळ त्यांनी काढला नसता, नमुन्याला होकार देण्यात मात्र त्यांचे काहीच जात नव्हते.

सरसकट मेल पाठवण्याची खोड जुनीच आहे. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या संगणक-जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली आणि तक्रारी ओढवून घेतल्या. आता तर जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून, दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकिम व डीमार्क ही, मेल खरोखर त्याच पाठवणाऱ्याचा आहे ना हे तपासणारी, पडताळणी सक्तीची केली असून स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितले आहे. आपण एवढ्या संख्येने पाठवत नसलो तरी, विकत घेतलेल्या यादीवर मारा केल्यास आपल्या डोमेनची (ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाची) पत जाते आणि मग जुन्या ग्राहकाला पाठवलेले कोटेशनसुद्धा स्पॅममध्ये जाऊन पडते. हा फटका मी स्वतः खाल्लेला आहे.

पाठपुरावा मी दोनदाच करतो, आणि 'माझा मेल पाहिलात का?' असे न विचारता दर वेळी एखादी नवी, उपयोगाची माहिती देतो. 'पुन्हा लिहू नका' असे ज्यांनी कळवले, त्यांचे पत्ते मी यादीतून पुसत नाही, लाल रंगाने रंगवून ठेवतो. नाहीतर नव्याने रुजू झालेला मुलगा तोच पत्ता कुठूनतरी शोधून काढून मोठ्या उत्साहाने पुन्हा मेल करतो.