पाणी प्या म्हणता, पण जायचं कुठे?

परवा संध्याकाळी घरी येऊन पिशवी रिकामी केली, तर सकाळी भरलेली लिटरभराची बाटली जेमतेम चार घोट कमी होऊन परत आलेली. नऊ तास उन्हातून ती खांद्यावर वागवली होती. तहान लागली नाही असं नव्हतं. घरोघर फिरून माहिती भरून घ्यायचं काम आहे माझं, आणि दिवसभरात 'जायला' जागा मिळेल की नाही याचा भरवसा नसतो. मग घसा सुकला की एक घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि सावकाश गिळायचा. बाकीचं पाणी राखून ठेवायचं. कशासाठी, ते मला विचारू नका.

ऊन वाढलं की फोनवर सल्ले सुरू होतात. रोज आठ ग्लास पाणी प्या म्हणे. या आकड्याचं मूळ शोधताना बरेच जण १९४५ सालच्या अमेरिकेतल्या अन्न व पोषण मंडळाच्या शिफारशीकडे बोट दाखवतात. त्यात दिवसाला अडीच लिटर पाणी सांगितलं होतं खरं, पण यातलं बहुतेक जेवणातूनच मिळतं, असंही लगेच पुढे लिहिलं होतं. ते वाक्य वाटेत कुठेतरी गळालं. आणि उन्हात राबणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम सहज जातो, कधी त्याहून जास्त. त्याचे आठ ग्लास दुपारच्या आतच संपले की! शिवाय हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, म्हणजे पाणी गेलं ते गेलं आणि गारवाही नाही.

दोन वर्षांपूर्वी मला मुतखडा झाला. ज्यांना झालाय त्यांना त्या कळा सांगायला नकोत. लघवी घट्ट झाली की तिच्यातले क्षार खड्यासारखे जमायला लागतात. डॉक्टर म्हणाले, "दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी." किती प्यायचं ते नाही, किती बाहेर पडायला हवं ते सांगितलं. हिशोब एकदम बरोबर. मी म्हटलं, "डॉक्टर, अडीच लिटर करू कुठे?" त्यांनी मान वर करून बघितलं, हसले आणि पुन्हा चिठ्ठी लिहायला लागले. ते शहाणपण मला दोन उन्हाळे पुरलं. तिसऱ्यात बाटली पुन्हा भरलेलीच घरी यायला लागली.

म्हणून 'लोकांना पाण्याचं महत्त्व कळत नाही' असं कुणी म्हटलं की माझं डोकं तापतं. चांगलं कळतं. शाळेतल्या मुलींना कळतं, गेटवर उभ्या राहणाऱ्या सुरक्षारक्षकाला कळतं, दिवसभर गाडी चालवणाऱ्यालाही कळतं. उन्हात काम करताना दर १५-२० मिनिटांनी कपभर पाणी घ्यावं, तहानेची वाट बघू नये, हा सल्ला अगदी योग्य आहे. पण तो पाळायचा तर हातातलं काम थांबवायची मुभा हवी, आणि स्वच्छ, कडी लागणारा संडास हवा. पाण्याचं यंत्र बसवून फोटो काढणाऱ्यांना हे दुसरं सुचत नाही.

घरातही तेच. सासूबाई संध्याकाळनंतर पाण्याला हात लावत नाहीत. "रात्री उठावं लागतं गं." त्यात वयाबरोबर तहान बोथट होते, त्यामुळे दिवसाही त्यांना पाण्याची आठवण होत नाही. कितीही सांगितलं तरी ऐकायच्या नाहीत, मग आम्ही त्यांचं पाणी सकाळ-दुपारकडे सरकवलं. आता संध्याकाळी सहाच्या आत त्यांचा तांब्या रिकामा होतो, आणि रात्रीची झोपही होते. (हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारावं.)

उलट टोकाचे लोकही आहेत, तासातासाला बाटली संपवण्याच्या पैजा लावणारे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्के जणांचं सोडियम कमी भरलं. धावताना ज्यांचं वजन कमी होण्याऐवजी वाढलं, त्यांना धोका जास्त होता. इतकं पाणी प्यायले होते! खूप घाम गेला असेल तर पाण्याबरोबर मीठही लागतं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर चवीसाठी नसते, आतड्यातून मीठ आत शिरायला तिची सोबत लागते आणि त्यांच्यामागून पाणी जातं. पण हे रोज ग्लासावर ग्लास प्यायचं पेय नव्हे. दोन वेळ नीट जेवणाऱ्याला एरवी साधं पाणी पुरतं. आणि उन्हात कुणी असंबद्ध बरळायला लागलं तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नका. सावलीत न्या, अंग भिजवा, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

माझं मोजमाप एकच, लघवीचा रंग. फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद झाला की चुकतंय. जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र हा रंग फसवतो.

काल एका घरी कागद भरून झाले आणि धीर करून विचारलं, "ताई, बाथरूम वापरलं तर चालेल का?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्या म्हणाल्या, "अहो जा की, त्यात विचारायचं काय!" बाहेर आले आणि त्यांच्या दारातच उभं राहून अर्धी बाटली रिकामी केली.