'सांगलीच्या स्टँडजवळचं लॉज काय वाईट होतं?' : साताऱ्याच्या वाचकांना उत्तर

व्हिएतनाममधल्या हनोईच्या जुन्या पेठेतल्या गेस्टहाऊसवर मी लिहिलं होतं, त्याखाली नुकतीच 'साताऱ्याचा एक वाचक' या नावानं एक लांबलचक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझी पोस्ट वाचून हे गृहस्थ मार्चमध्ये पत्नीला आणि आईला घेऊन त्याच गेस्टहाऊसला उतरले. लिफ्ट नाही, खोली चौथ्या मजल्यावर, आईंचे गुडघे धरले. खोलीला रस्त्याकडची खिडकी नाही. फरशीवर ओल, चादरी दमट, हवा यावी म्हणून रात्रभर दार उघडं ठेवलं तरी फरक नाही. तिघांचे पासपोर्ट काउंटरवर ठेवून घेतले. नाश्त्याचे पैसे वेगळे लावले. आणि मग हे, जसंच्या तसं: "मॅडम, एवढं विमानानं जाऊन असल्या कोंदट खोलीत राहायचं तर आपल्या सांगलीच्या स्टँडजवळचं लॉज काय वाईट होतं? तुम्हाला कमिशन मिळत असेल, आम्हाला नाही. जरा जमिनीवर या."

तीन दिवस मी उत्तर दिलं नाही. रागाच्या भरात लिहू नये म्हणून थांबले. राग काही उतरला नाही, म्हणून आता लिहिते.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. नाश्ता भाड्यात धरलेला नाही, हे मी लिहायला हवं होतं. मी रोज सकाळी कोपऱ्यावरच्या ठेंगण्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून कोंबडीचं फो, म्हणजे तांदळाच्या शेवयांचं सूप, खायचे. गेस्टहाऊसमध्ये एकदाही नाश्ता केला नाही, त्यामुळे त्याचा दर विचारायचं सुचलंच नाही. चूक माझी. ती ओळ आज दुरुस्त केली आहे.

कमिशनचं म्हणाल, तर चार रात्रींचे १४,४०,००० डाँग मी रोख मोजले. एका रुपयाला साधारण ३०० डाँग धरा, म्हणजे आपले ४,८०० रुपये झाले. पावती माझ्याकडे आहे. गेली नऊ वर्षं मी प्रवासाबद्दल लिहिते आहे आणि एका रात्रीचंही भाडं कुणाकडून माफ करून घेतलेलं नाही. असा आरोप करण्याआधी माणूस निदान विचारतो. तुम्ही विचारलं नाही, ठरवूनच टाकलंत. माझ्या घरी समोर बसून, हातात चहाचा कप घेऊन तुम्ही हेच वाक्य बोलला असता का? नसता बोललात. मग लिहिताना जीभ एवढी सैल का सुटते?

आता ते लॉजचं वाक्य.

माझ्या वडिलांचं लॉज होतं. सांगलीच्या स्टँडजवळ नाही, दहा किलोमीटर पलीकडे मिरजेत, स्टेशनच्या रस्त्यावर. १४ खोल्या. १९८१ ते २००९, अठ्ठावीस वर्षं ते त्यांनी चालवलं आणि माझं सगळं शिक्षण त्या काउंटरच्या गल्ल्यातून झालं. तुम्हाला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, हे मान्य. पण 'असल्या कोंदट खोलीत' हे तीन शब्द तुम्ही ज्या सहजतेनं लिहिलेत, ती सहजता मला टोचली.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९४ मध्ये डॉक्टर वानलेस यांनी तिथे मिशनचा दवाखाना उभा केला, आणि आजही अथणी, जमखंडी, विजापूरकडून माणसं पेशंट घेऊन मिरजेला येतात. पेशंट दवाखान्यात आणि नातेवाईक आमच्याकडे, असा तो संसार होता. आमच्या रजिस्टरला रकाने होते: नाव, गाव, कुठून आला, कुठे जाणार, येण्याचं कारण. त्या शेवटच्या रकान्यात पानाच्या वरच्या ओळीला 'दवाखाना' लिहिलेलं असायचं आणि खाली शेवटपर्यंत कित्ता, कित्ता, कित्ता. मधे एखादा 'लग्नकार्य' किंवा 'सतार खरेदी'. दर्ग्याचा उरूस आला आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणाची संगीत सभा असली, की गाणं ऐकायला आलेली माणसं. बाकी बारा महिने दवाखाना.

शाळेतून आले की उशांचे अभ्रे घालायचं काम माझं. चादरी गच्चीवर वाळायच्या आणि कापडावर नीळ जास्त दिसली तर वडील ती चादर परत पाण्यात घालायला लावायचे. बंब पहाटे साडेचारला पेटायचा, कारण ऑपरेशनच्या दिवशी घरची माणसं लवकर अंघोळ करून दवाखान्यात जाऊन बसतात. वडिलांचं एक ठरलेलं होतं. "गिऱ्हाईक दमून आलंय, आधी पाणी दे, मग वही पुढं कर." खोल्या कोंदट होत्या का? होत्या. सहा नंबरची खिडकी बोळात उघडायची आणि तिथे दुपारीही दिवा लावावा लागायचा. मी ते नाकारत नाही. पण त्या सहा नंबरात माणसं महिना महिना राहिली आहेत आणि जाताना आईच्या हातात शेंगांची पिशवी देऊन गेली आहेत.

एक रात्र सांगते. मी नववीत होते. जमखंडीकडचे एक आजोबा आठ-दहा दिवस राहिले होते, आजी दवाखान्यात. रात्री दोनच्या सुमाराला ते परत आले. किल्लीसाठी हात पुढे केला आणि तसेच उभे राहिले, किल्ली हातात दिली तरी मूठ मिटेना. वडिलांनी काही विचारलं नाही. काउंटरमागचं स्टूल उचलून त्यांच्या मागे ठेवलं आणि खांद्याला धरून बसवलं. सकाळी आजोबांचा मुलगा आला तेव्हा राहिलेल्या तीन दिवसांचं भाडं रजिस्टरला 'जमा' दिसत होतं. ते पैसे वडिलांनी स्वतःच्या सदऱ्याच्या खिशातून गल्ल्यात टाकले होते. मी जिन्यावरून बघत होते. असल्या लॉजमध्ये मी वाढले.

म्हणून हनोईत पहिल्या रात्री साडेअकराला मी त्या गेस्टहाऊसच्या दारात पोचले, अर्धं शटर खाली होतं, आत ओळीनं दुचाक्या लावलेल्या आणि काउंटरशेजारी घडीच्या खाटेवर एक मुलगा झोपलेला, तेव्हा मला परकं वाटलंच नाही. आमचा नोकर असाच झोपायचा, उशाशी किल्ल्यांचा फळा. काउंटरच्या वर पूर्वजांचं छोटं देवघर होतं, पुढे संत्री आणि उदबत्त्यांच्या जळलेल्या काड्या. पौर्णिमेला आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी तिथे ताजी फळं मांडतात. आमच्या काउंटरवर गणपतीची तसबीर होती आणि उदबत्तीची राख रजिस्टरवर पडायची. मी जे लिहिलं ते हे बघून लिहिलं. तुम्हाला ती जाहिरात वाटली, त्याला माझा इलाज नाही.

आणि तिथल्या काउंटरवरच्या मुलीबद्दल तुम्ही 'उर्मट' असा शब्द वापरलात, तो मला मुळीच मान्य नाही. तिसऱ्या रात्री मी तिच्याकडून पाण्याची बाटली घेतली आणि निळी नोट पुढे केली. व्हिएतनाममध्ये वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसरच. दोन्हींवर हो ची मिन्ह, दोन्ही प्लास्टिकच्या, दिवसभर हिंडून आलेल्या माणसाला फरक कळत नाही. मी दिली होती पाच लाखांची. म्हणजे साठ-सत्तर रुपयांच्या जागी सोळाशेहून जास्त. तिनं ड्रॉवर उघडून वीस हजारांची नोट काढली, दोन्ही नोटा काउंटरच्या काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बोटानं एक एक शून्य मोजून दाखवलं. मग दोन्ही उलट्या केल्या. मागे होई आन या गावातला जपानी पूल असेल तर ती वीस हजारांची, हे तिनं मला तेव्हा शिकवलं. माझी नोट परत केली. तिला इंग्रजीचे शंभर शब्द येत नसतील, त्यामुळे ती तुटक बोलते. तुटक बोलणं आणि उर्मटपणा यातला फरक काउंटरमागे उभं राहिलेल्या माणसाला कळतो.

पासपोर्टचं थोडक्यात. परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करणं तिथल्या गेस्टहाऊसला बंधनकारक आहे. आपल्याकडेही आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतार, तंबोरा घ्यायला परदेशी लोक यायचे, ते आमच्याकडे उतरले की २४ तासांत सी फॉर्म पोलिसांकडे पोचवावा लागायचा. त्यासाठी वडील पासपोर्ट रुमालात गुंडाळून सायकलवरून जायचे. तुम्ही म्हणता दोन दिवस ठेवून घेतले. मी संध्याकाळी मागितला, मला मिळाला. तुम्ही मागितलात का, ते प्रतिक्रियेत कुठे दिसत नाही.

खिडकीचं तर मी लिहिलंच होतं. त्या पेठेतली घरं रुंदीला तीन-चार मीटर आणि आत लांबच लांब असतात. दुकानाच्या दर्शनी रुंदीवर कर होता म्हणून अशी बांधली, असं तिथे सांगतात. पेठेतल्या कितीतरी गल्ल्यांची नावं 'हांग' म्हणजे माल या शब्दानं सुरू होतात. हांग बाक चांदीची, हांग गाय पूर्वी दोरखंडांची, आता रेशमाची. पुढे दुकान, मागे घर, मधल्या खोल्यांना उजेड आतल्या मोकळ्या जागेतून. रस्त्याकडची खिडकी मजल्यावर एकाच खोलीला मिळणार.

आणि ओल. तुम्ही मार्चमध्ये गेलात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हनोईत मधून मधून 'नोम' नावाची हवा पडते. समुद्रावरून दमट वारं येतं आणि थंड फरशीला, भिंतींना पाणी सुटतं. महागड्या हॉटेलांची फरशीही तेव्हा ओली होते. तिथली माणसं दारं-खिडक्या गच्च लावून घेतात आणि एसी 'ड्राय' मोडवर ठेवतात. तुम्ही रात्रभर दार उघडं ठेवलंत. ओल तुम्हीच आत बोलावलीत आणि दोष चादरींना दिलात. मी डिसेंबरमध्ये गेले होते, ही तारीख पोस्टच्या पहिल्याच ओळीत आहे.

जिन्यावर फार बोलण्यासारखं नाही. पोस्टमधल्या तिसऱ्या फोटोत जिना दिसतो, लिफ्ट दिसत नाही. एवढ्या वयाच्या आईंना घेऊन जाताना गेस्टहाऊसला एक मेल टाकून खालची खोली मागता आली असती. मी एकटी गेले होते, माझ्या पाठीवर एक सॅक होती, मी तसं लिहिलं. त्यांना घेऊन जाणारे तुम्ही होता, मी नव्हते. हे कठोर वाटत असेल तर वाटू दे. आईंच्या गुडघ्यांना आता आराम असावा, हे मात्र मी मनापासून म्हणते.

कासच्या फुलांच्या दिवसांत तुमच्या साताऱ्याच्या आसपासही किती घरांमधून पाहुण्यांना खोल्या देतात. घरातल्या बाईनं पहाटे उठून पिठलं-भाकरी केलेली असते. तिथे राहून गेलेल्या कुणी पुण्या-मुंबईच्या माणसानं 'असल्या खोलीत' म्हणून चार ओळी खरडल्या, तर तुम्हाला कसं वाटेल? मला तसं वाटलं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ते लॉजचं वाक्यही तसंच राहील. पुढच्या वेळी हवं तेवढं कडक लिहा, फक्त खाली स्वतःचं नाव घाला. आमच्या रजिस्टरला नाव लिहिल्याशिवाय कुणालाच किल्ली मिळत नव्हती.