रोज शंभर डाइव्ह मारून गोलकीपर घडत नाही

गेले काही दिवस फुटबॉलच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मला तो पाच-सहा जणांनी पाठवला आणि त्यातले निम्मे पालक आहेत म्हणून लिहायला बसलो. मेसेजचं म्हणणं असं, की गोलकीपर जन्मावाच लागतो, पोरगं उंच असलं तरच गोलात उभं करा, कडक ग्राऊंडवर रोज शंभर डाइव्ह मारायला लावा म्हणजे भीती मरते, पायाचं काम बाकीच्या दहा जणांचं, आणि पेनल्टी म्हणजे नुसती लॉटरी. मी कोल्हापुरात बरीच वर्षं लहान पोरांना कीपिंग शिकवतोय आणि यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा पोरांचं नुकसान करणारा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

जन्मावा लागतो म्हणणाऱ्यांनी आपल्याच पीटर थंगराजकडे बघावं. 1962 च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय टीमचा हा कीपर, आणि सुरुवातीला तो खेळायचा सेंटर फॉरवर्ड. डेन्मार्कचा प्रसिद्ध कीपर पीटर श्मायकेल लहानपणी हँडबॉल खेळायचा, हातपाय पसरून समोरच्याच्या अंगावर जायची त्याची पद्धत तिथूनच आलेली. म्हणजे दहाव्या वर्षी पोरावर कीपर म्हणून शिक्का मारायची काही गरज नाही, उलट बारापर्यंत सगळ्यांना आळीपाळीने गोलात उभं करा आणि कीपरलाही मैदानात खेळवा.

उंचीचा फायदा असतो हे मी नाकारत नाही, भारताचा कीपर गुरप्रीत सिंग संधू साडेसहा फुटांच्या आसपास आहे आणि क्रॉसवर, म्हणजे बाजूने गोलसमोर उंच आलेल्या बॉलवर, त्याला त्याचा उपयोग होतोच. पण 1998 चा वर्ल्डकप जिंकणारा फ्रान्सचा कीपर बार्तेझ आणि 2010 चा जिंकणारा स्पेनचा कासियास हे दोघंही सहा फुटांच्या आसपासचेच, कीपरच्या मानाने ठेंगणेच म्हणायचे. गोल 7.32 मीटर रुंद आहे, कितीही उंच माणूस असला तरी मधोमध उभं राहून त्याचे हात दोन्ही पोस्टला पोचत नाहीत, तिथं कामाला येतो तो अँगल. हा शिकवायला मी एक लांब दोरी वापरतो, दोन टोकं दोन पोस्टला बांधायची आणि मधला भाग ताणून जिथं बॉल आहे तिथं धरायचा, की त्रिकोण तयार होतो, मग पोराला त्याच्यात उभं करायचं आणि एकेक पाऊल पुढं यायला सांगायचं. दोन्ही बाजूची मोकळी जागा कशी कमी होत जाते हे त्याला डोळ्यांनी दिसतं, आणि फारच पुढं आला की डोक्यावरून बॉल टाकून दाखवायचा. दहा मिनिटांत जे समजतं ते महिनाभर ओरडून समजत नाही.

आता शंभर डाइव्ह, याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. एक बारा वर्षांचा पोरगा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या दोन्ही मांड्यांची बाहेरची बाजू काळी-निळी पडलेली, कोपर सोललेलं, आणि बॉल आला की आपोआप डोळे मिटायचा. म्हणजे ज्या भीतीला मारायला त्याला आपटवला तीच भीती घेऊन आला होता. कीपरला धीर लागतो हे मेसेजमधलं खरं आहे, पण तो येतो पडायचं कसं हे नीट कळल्यावर. डाइव्ह म्हणजे पोटावर किंवा कोपरावर पडणं नव्हे, अंगाच्या कडेवर पडायचं, पोटरी, मांडी, कंबर, खांदा असं एकापाठोपाठ जमिनीला टेकत जायचं, बॉल आधी टेकवायचा म्हणजे त्याचीच उशी होते, आणि खालचं कोपर अंगाखाली जाऊ द्यायचं नाही. हे आधी बसून, मग गुडघ्यावर, मग उकिडवं आणि सगळ्यात शेवटी उभ्याने शिकवायचं. आमच्याकडे तर फुटबॉल तालमींच्या जिवावरच वाढलाय, तालमीतल्या हौदातली ती उकरलेली लाल माती पडायला शिकवण्यासाठी फार छान, कुस्तीचे वस्ताद नव्या पोराला आधी पडायलाच शिकवतात की! त्या पोराला मी पहिले तीन आठवडे उभ्याने एकही डाइव्ह मारू दिली नाही.

आणि आकड्याचंच बोलायचं तर दहाव्या-बाराव्या डाइव्हनंतर पोरगं दमतं, पाय उचलत नाही, नुसतं कोसळतं, आणि पुढच्या नव्वद डाइव्हमध्ये ते चुकीचं पडणंच पक्कं होतं. मॅचमध्ये कीपरचं काम दोन-चार सेकंदांचं असतं आणि मग बराच वेळ थांबणं, त्यामुळे पाच-सहा चांगल्या, मध्ये पूर्ण दम घेऊन, एवढ्या पुरतात.

त्याहून मोठा प्रॉब्लेम असा की या शंभरात कोच हाताने एकदा डावीकडे एकदा उजवीकडे बॉल टाकतो, पोराला आधीच माहीत असतं कुठं येणार, म्हणजे ते बघायला शिकतच नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2002 मध्ये पेनल्टीचे व्हिडिओ दाखवून कीपरची नजर कुठं असते ते तपासलं, तर तयार कीपर मारणारा पाय, टेकवलेला पाय आणि बॉल यांच्याकडे बघत होते आणि नवखे कीपर छाती, हात, कंबर यांच्याकडे. हाताने टाकलेल्या बॉलमध्ये बघायला पायच नाही! म्हणून मी तीन पोरं तीन बॉल घेऊन उभी करतो, कोण मारणार ते कीपरला सांगत नाही, अट एवढीच की पाय बॉलला लागायच्या क्षणी कीपर थांबलेला पाहिजे, वजन पुढच्या पंजांवर. अर्धं पाऊल हवेत असताना कुठंच झेप घेता येत नाही.

पायाचं काम दुसऱ्यांचं, हे 1992 पर्यंत चाललं असतं. त्या वर्षी आपल्याच प्लेअरने मुद्दाम पायाने दिलेला पास हातात घ्यायला बंदी आली, 2019 पासून गोलकिक (बॉल गोलच्या लाइनबाहेर गेल्यावर गोलजवळून मारतात ती किक) पेनल्टी बॉक्सच्या आतच पास करता येते, आणि 2025 पासून बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्यांना कॉर्नर. यानंतरही कीपरला पासिंगच्या ड्रिलमधून बाजूला काढून भिंतीवर बॉल मारत बसवणं म्हणजे त्याला अर्धाच खेळ शिकवणं.

राहिली पेनल्टी. 11 मीटरवरून जोरात मारलेला बॉल अर्ध्या सेकंदाच्या आत गोलात येतो, त्यामुळे अंदाज लागतो हे खरं, पण आंधळा अंदाज नव्हे. इस्रायलच्या अभ्यासकांनी 2007 मध्ये 286 पेनल्टींचा हिशोब मांडला, त्यात साधारण 29 टक्के बॉल मधोमध आले होते आणि कीपर मधे थांबले होते फक्त 6 टक्के वेळा. उडी न मारता गोल खाल्ला की लोक शिव्या घालतात म्हणून कीपर उडी मारतो, आणि ही सवय आपणच लावतो, लहानपणी "अरे हलला पण नाहीस" असं ओरडून. त्याऐवजी मारणाऱ्याचा टेकणारा पाय जमिनीला लागेपर्यंत थांबायला शिकवा, आणि किक होईपर्यंत कीपरचा निदान एक पाय गोललाइनवर ठेवायची सवय लावा, नाहीतर अडवलेली पेनल्टी परत मारायला मिळते. 2023 च्या सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धेच्या फायनलमध्ये बंगळुरूला गुरप्रीतने कुवेतची शेवटची पेनल्टी अडवून कप जिंकून दिला, त्याला लॉटरी म्हणणं मला तरी पटत नाही.

ज्या पालकांनी मेसेज पाठवला त्यांना एकच विनंती, आज पोरगं प्रॅक्टिसवरून आलं की त्याच्या मांड्या आणि कोपरं बघा, आणि काळं-निळं दिसलं तर उद्या ग्राऊंडवर जाऊन कोचला विचारा की याला उभ्याने डाइव्ह मारायच्या आधी गुडघ्यावरून पडायला कधी शिकवलंत.