आधी फोन, मग घड्याळ, आणि हप्त्यावर तर नाहीच

आज सकाळपासून डोकं तापलेलं आहे. विषय एकच, पळलेलं अंतर मोजायला जीपीएसवालं वॉच हवंच का, की फोन पुरतो. म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

आमच्या साताऱ्याच्या रनिंग ग्रुपमध्ये एक मुलगी नवीन आलीय. नाव सांगत नाही. मेडिकलच्या दुकानात कामाला आहे, सकाळी तिलाच शटर उघडावं लागतं. त्याआधी पळून, घरातला स्वयंपाक उरकून ती वेळेवर पोचते. आज तिने समर्थ मंदिरापासून यवतेश्वरापर्यंतचा घाट पहिल्यांदाच न थांबता चढला. मी तिच्या मागेच होते. शेवटच्या चढावर ती चालायला लागेल असं मला वाटलं होतं, पण नाही चालली. वर पोचल्यावर तिने पाऊचमधून फोन काढला, पळण्याचं अंतर मोजणारं ॲप थांबवलं आणि स्क्रीन आम्हाला दाखवायला वळली. तर आमच्यातले एक ज्येष्ठ सर म्हणाले, "फोनवरचं काही खरं नसतं गं. सिरीयसली पळायचं असेल तर आधी वॉच घे." दोघंतिघं हसले. तिने फोन परत आत टाकला.

दुपारी मला तिचा मेसेज. "ताई, ते वॉच हप्त्यावर मिळतं का? बारा महिन्यांचे केले तर जमेल."

तिच्या बुटाचा सोल अंगठ्याखाली झिजून गुळगुळीत झालाय, आणि ती वीस हजारांच्या घड्याळाचे हप्ते मोजत बसलीय. कुणी बसवलं तिला हे मोजायला? आपणच ना?

"फोनवरचं खरं नसतं" म्हणजे काय हे मला कुणीतरी समजावून सांगा. फोनला आणि घड्याळाला वेगवेगळं आभाळ आहे का? जमिनीपासून वीस हजार किलोमीटरवर फिरणारे जीपीएसचे तेच उपग्रह, त्यांचाच सिग्नल. त्यातल्या चार उपग्रहांचा सिग्नल नीट मिळाला की जागा कळते, मग ऐकणारी चिप मनगटावर असो की कमरेला. उलट फोनला मोबाइल नेटवर्ककडून उपग्रहांची माहिती आयती मिळते, म्हणून त्याला सुरुवातीला जागा पटकन सापडते. तुम्ही वॉचवाले पोवई नाक्यावर हात वर धरून उभे असता तेव्हा फोनवाला पळायलाही लागलेला असतो.

चूक दोघांचीही होते. घाटात एका बाजूला डोंगराची भिंत असते, अर्धं आभाळ झाकलेलं असतं. पुढे कासच्या रस्त्याला झाडी दाट आहे. शहरात उंच इमारतींवर आपटून सिग्नल उशिरा येतो, आणि मग नकाशात आपण लोकांच्या गच्च्यांवरून पळालो असं दिसतं. उपग्रहाचा सिग्नल दोन फ्रिक्वेन्सींवर पकडणारी नवी महागडी घड्याळं घाटाच्या वळणांवर बरीच नेमकी रेघ काढतात, हे मान्य. पण तसे फोनही आता आलेत. आणि घाट चढणाऱ्या नव्या मुलीला रेघ पाच मीटर इकडे गेली काय नि तिकडे गेली काय!

फोनची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कुणी सांगत नाही. बॅटरी वाचवायच्या नादात फोन मागे चाललेलं ॲप गुपचूप बंद करतो. मग मधला रस्ता गायब, नकाशावर दोन टोकं जोडणारी सरळ रेघ, आणि अंतर कमी. त्याला उपाय आहे. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढायचं, पळताना लोकेशनची परवानगी द्यायची, बॅटरी सेव्हर बंद ठेवायचा. पाच मिनिटांचं काम आहे. मी तिला उद्या करून देणार आहे. हे सांगायचं सोडून तिला घड्याळाच्या दुकानात पाठवणं मला पटत नाही.

आता गेल्या आषाढातली गोष्ट सांगते. जवळच्यांना माहीत आहे, पण आज पुन्हा सांगायची वेळ आलीय.

मी आणि माझी मैत्रीण, दोघीच, त्याच घाटात. पाऊस भुरभुर आणि धुकं असं की पुढचं वळण दिसेना. तिच्या हातावर चांगलं, महागाचं वॉच. फोन घरी, चार्जिंगला. का? तर "वॉच आहे ना, आता फोनचं ओझं कशाला." उतारावर तिचा पाय डांबराच्या कडेवरून गटारात गेला. जो आवाज आला तो मला अजून आठवतो. ती खाली बसली ती उठेचना. आणि तिच्या घड्याळाने काय केलं, तर तिचा रन पॉजवर टाकला. एवढंच केलं त्याने.

पडल्यावर घरच्यांना आपोआप निरोप जातो, अशी सोय असते ना त्यात, असं तुम्ही म्हणाल. असते. पण बहुतेक घड्याळांत तो निरोप जातो जोडलेल्या फोनमधून. फोन घरी, मग निरोप कुठून जाणार? स्वतःचं सिम चालणारी घड्याळं आहेत, ती आणखी महाग आणि त्यांचा महिन्याचा खर्च वेगळा. आमच्या ग्रुपमध्ये किती जणांकडे आहेत ती?

माझा फोन प्लास्टिकच्या पिशवीत, कमरेच्या पाऊचमध्ये होता. ओल्या बोटांनी स्क्रीन चालेना, हेही सांगते. अंगावर कोरडं काही नव्हतंच. शेवटी कपारीखाली वाकून, टोपीच्या आतल्या पट्टीने पुसपुसून एकदाचा नंबर लागला. तिच्या नवऱ्याला कुठलं वळण हे सांगता येईना, धुक्यात सगळी वळणं सारखीच. त्यांना लाइव्ह लोकेशन पाठवलं आणि ते गाडी घेऊन थेट आमच्यापाशी आले. तोवर ती थंडीने कुडकुडत होती आणि मी तिचे हात चोळत बसले होते.

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की वॉचचा मोठा फायदा म्हणजे फोन घरी ठेवता येतो, तेव्हा मला राग येतो. पुरुषांना येत असेल ठेवता. बाईने पहाटे पाचला, दिवे नसलेल्या रस्त्यावर फोन घरी ठेवून जायचं? आमच्यातल्या प्रत्येकीच्या मागे कधी ना कधी एखादी बाइक मुद्दाम हळू झालेली आहे. कुत्री आहेत. ११२ कशावरून लावायचा, मनगटावरून? माझं लाइव्ह लोकेशन रोज सकाळी माझ्या मुलाच्या फोनवर चालू असतं. तो बघतो की नाही देव जाणे, पण ते चालू असतं म्हणून मी जाते. तेव्हा बायांसाठी फोन की वॉच असा प्रश्नच नाही. फोन असणारच आहे. त्याच्या जोडीला वॉच हवं का, एवढाच प्रश्न उरतो.

आणि वॉच कधी हवं? तेही सांगते, मी काही घड्याळांची वैरी नाही. शाहू स्टेडियमवर चारशे-चारशे मीटरचे इंटर्व्हल, म्हणजे जोरात पळून मध्ये दम घ्यायचा असे तुकडे, मारताना दर वेळी पाऊचमधून फोन काढणं शक्य नाही, तिथे मनगटावरचं बटण हवंच. पावसात बटणं चालतात, स्क्रीन चालत नाही. फुल मॅरेथॉन किंवा त्याहून लांब पळायचं असेल तर फोनची बॅटरी दगा देऊ शकते. पेस, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं, तो सांभाळून पळणाऱ्याला हात वळवला की आकडा दिसतो, हे सुख आहे. पण त्या आकड्यावरही जीव टाकू नका. त्या क्षणाचा पेस सारखा उड्या मारतो, त्यापेक्षा त्या किलोमीटरची सरासरी बघावी. मनगटावरच्या हार्ट रेटचंही तसंच. हिरवा उजेड कातडीत जातो, त्यावरून रक्ताची हालचाल मोजली जाते. पट्टा सैल असला किंवा हात गार पडला की ते पावलांचीच गती ठोके म्हणून दाखवतं. मग लोक घाबरून डॉक्टरकडे जातात. नेमके ठोके हवेत त्याने छातीचा पट्टा वापरावा.

आणखी एक, स्वस्तातलं वॉच घ्यायला निघालेल्यांसाठी. दोन-तीन हजारांच्या पुष्कळ स्मार्टवॉचच्या खोक्यावर जीपीएस लिहिलेलं असतं, पण आत जीपीएस नसतं. ते जोडलेल्या फोनचं जीपीएस वापरतं. म्हणजे फोन घेऊन पळायचंच आणि वर पैसे भरायचे. दुकानदाराला सरळ विचारा, फोन घरी ठेवला तर हे अंतर मोजेल का. तो अडखळला तर बाहेर या.

"पुरावा" हा शब्दही आज कानावर आला. वॉच नसेल तर रनला पुरावा काय म्हणे. कुणाला द्यायचाय पुरावा? रेसमध्ये तुमचं टाइमिंग बिबमागच्या, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदामागच्या चिपवरून लागतं, रस्त्यावरच्या मॅटवरून तुम्ही गेलात की ते नोंदलं जातं. तिथे तुमच्या घड्याळाला कुणी विचारत नाही. तरी दर रेसनंतर आमच्या ग्रुपवर तोच वाद, "हाफ मॅरेथॉन २१.१ किलोमीटरची, माझ्या वॉचमध्ये २१.४ आलं, आयोजकांनी अंतर चुकवलं." अहो, प्रमाणित रेसचा रस्ता सायकलच्या चाकाला काउंटर लावून मोजतात. वळणांवर सगळ्यात आतल्या, सगळ्यात छोट्या रेषेने मोजतात, आणि रस्ता कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात. तुम्ही वळणावर बाहेरून गेलात, पाण्यासाठी डावीउजवीकडे झालात, त्यात सिग्नलची चूक. मग जास्तच दिसणार. आयोजकांच्या सायकलवर विश्वास नाही आणि हातावरच्या यंत्रावर एवढा?

शिवनाथ सिंगांनी १९७८ मध्ये जालंधरला मॅरेथॉन २ तास १२ मिनिटांत पळून दाखवली. अनवाणी पळण्यासाठी ओळखला जाणारा माणूस. जीपीएसचा पहिला उपग्रह आभाळात गेला तोही १९७८ मध्येच. त्यांचा तो भारतीय विक्रम चार दशकांहून जास्त टिकला. लांब कशाला, आपल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या फायनलमध्ये पळाल्या. गार्मिन कंपनीचं पळणाऱ्यांसाठीचं पहिलं जीपीएस घड्याळ, फोररनर, बाजारात आलं २००३ मध्ये. माणच्या दुष्काळी रस्त्यांवर त्या पोरवयात पळत होत्या तेव्हा त्यांना कुणी म्हणालं असेल का, की बाळ, आधी वॉच घे?

ते दिवस वेगळे होते, असं कुणीतरी कमेंटमध्ये लिहील. होते वेगळे. पण पाय तेच आहेत आणि घाटही तोच आहे.

लिहिता लिहिता थोडी शांत झालेय, म्हणून सरांबद्दलही लिहिते. माणूस वाईट नाही. आपल्या साताऱ्याच्या घाटातल्या रेसच्या, हिल हाफ मॅरेथॉनच्या आधी दर रविवारी वळणावर मीठ-लिंबाचं पाणी घेऊन तेच उभे असतात, शेवटचा माणूस खाली उतरेपर्यंत. घाट उतरताना पावलं छोटी ठेवायची, गुडघ्यावर भार येऊ द्यायचा नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. म्हणून तर त्यांच्या शब्दाला वजन आहे. दुसऱ्या कुणी ते म्हटलं असतं तर ती मुलगी हसून विसरली असती. ते म्हणाले म्हणून ती हप्ते विचारतेय. सर, ही पोस्ट तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे. उद्या तिला एक फोन करा. घाट न थांबता चढलीस, शाबास, एवढंच म्हणा.

माझी आषाढातली मैत्रीण आता बरी आहे. पाय बरा झाल्यावर फिजिओने तिला हळूहळू पळायला सांगितलं होतं, आणि तेव्हा ते घड्याळ तिच्या खूप कामी आलं. ठोके वर गेले की ती चालायला लागायची, उत्साहाच्या भरात जास्त पळणं त्याने टाळलं. ती आजही ते घालते. तिने ते घेतलं तेव्हा ती कितीतरी वर्षं पळत होती, स्वतःच्या पैशाने, विचार करून घेतलेलं आहे. तिला शोभतं. फक्त आता फोनही कमरेला असतो, आणि तो घेतला का हे मी निघताना तिला विचारतेच.

या नव्या मुलीला मी उत्तर पाठवलंय. आधी बूट. पायाचं माप संध्याकाळी दे, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो, आणि बुटात बोटांपुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेव. मग कमरेचा चांगला घट्ट पाऊच, फोन उड्या मारायला नको. स्ट्राव्हा या पळण्याच्या ॲपचं फुकटातलं खातं पुरे आहे, त्यात घराजवळचा भाग नकाशावर लपवायची सोय आहे, ती आधी चालू कर. हा पावसाळा असाच पळ. हिल हाफ होऊ दे. त्यानंतरही फोन कमी पडतोय असं तुला स्वतःला वाटलं, तर आपण दोघी मिळून बघू, आणि रोखीने बघू.

तुम्हा मित्रमैत्रिणींकडे एक मागणं आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी नवं मॉडेल आलं म्हणून जुनं वॉच कपाटात टाकलंय. चालू स्थितीत असेल तर मला इनबॉक्स करा. नवीन मुला-मुलींना ते दोन-दोन महिने वापरायला देता येईल. आपल्याला लागतं की नाही हे ते पळून ठरवतील, कुणाच्या बोलण्यावरून नाही. पट्टा तुटका असला तरी चालेल, तो बदलता येतो. पण चार्जर मात्र नक्की शोधून द्या, जुन्या मॉडेलचे चार्जर आता सहज मिळत नाहीत.